सोनोरन वाळवंटातले कॅक्टस: आधी जमीन पाहावी, मग झाड

एका वाचकांचा प्रश्न आहे. पुण्यात गच्चीवर अनेक वर्षे कुंड्यांतून कॅक्टस जोपासणारे हे गृहस्थ येत्या वसंतात फिनिक्सला मुलीकडे जाणार आहेत आणि अ‍ॅरिझोनातले कॅक्टस त्यांच्या मूळ जागी पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. कोठे जावे, केव्हा जावे, तिथे नेमके काय पाहावे, काय टाळावे आणि या पाहण्याचा गच्चीवरच्या झाडांना काही उपयोग होईल का, असे त्यांनी विचारले आहे. अ‍ॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या परिसरात राहून वनस्पतींच्या नोंदी ठेवण्याचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कुंडीतल्या झाडाकडे पाहायची आपल्याला जी सवय लागलेली असते, ती वाळवंटात उपयोगी पडत नाही. कुंडीत झाड एकटे असते. माती, पाणी, ऊन हे सगळे आपण ठरवतो आणि म्हणून नजर आपोआप झाडाच्या रूपावर, काट्यांच्या रंगावर आणि फुलांवर जाते. वाळवंटात तेच झाड एका विशिष्ट उतारावर, एका विशिष्ट झुडपाच्या कुशीत, शेजाऱ्यांशी पाण्यासाठी झगडत उभे असते. ते तिथेच का आहे आणि दहा पावलांवर का नाही, हा प्रश्न मनात ठेवून जो फिरतो त्याला एका सकाळी जे दिसते, ते नुसती फुलांची छायाचित्रे काढत फिरणाऱ्याला आठवडाभरातही दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की आधी जमीन पाहावी, मग शेजार पाहावा आणि झाड सर्वांत शेवटी पाहावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे बांधावर दिसणारा त्रिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर हे युफोर्बिया कुळातले आहेत. त्यांना मोडले की पांढरा चीक येतो. खरे कॅक्टस मुळात अमेरिका खंडांतलेच. रिप्सॅलिस वंशातली एक जाती तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही नैसर्गिकपणे आढळते. आपला फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे, पण तो बाहेरून आलेला आहे. ओळखण्याची खूण म्हणजे एरिओल. कॅक्टसचे काटे थेट सालीतून निघत नाहीत, तर लोकरीसारख्या लव असलेल्या छोट्या गादीतून निघतात आणि त्याच गादीतून फूल आणि नवी फांदीही फुटते. साधे दहापट भिंग खिशात ठेवा आणि पहिल्याच दिवशी ही गादी नीट पाहून घ्या. काट्यांची मांडणी, त्यांचा बाक आणि मधल्या काट्यांची संख्या यांवरच पुढची सगळी ओळख अवलंबून असते.

जागेविषयी माझे मत पक्के आहे. फिनिक्सच्या आसपासही कॅक्टस आहेत, पण सुमारे 180 किलोमीटर दक्षिणेला टूसॉनला या आणि तिथेच मुक्काम करा. सग्वारो म्हणजे इथला उंच, खांबासारखा कॅक्टस. त्याच्याच नावाचे सग्वारो राष्ट्रीय उद्यान शहराच्या दोन बाजूंना दोन भागांत विभागलेले आहे. 1933 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि 1994 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पश्चिमेकडचा टूसॉन डोंगरांचा भाग सखल, अधिक उष्ण आणि सग्वारोंनी दाट भरलेला आहे. पूर्वेकडचा रिंकॉन डोंगरांचा भाग उंच आहे आणि तिथे पाऊस जरा अधिक पडतो. दोन्ही भाग पाहिलेच पाहिजेत, कारण एकाच जातीची झाडे थोड्याशा पावसाच्या फरकाने किती वेगळी वाढतात हे त्यांची तुलना केल्याशिवाय कळत नाही. पश्चिम भागाजवळच अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे. 1952 पासून चालू असलेल्या या संस्थेत झाडे नावांच्या पाट्यांसह, पण बरीचशी नैसर्गिक मांडणीत पाहायला मिळतात. पहिली सकाळ तिथे घालवली की पुढचे दिवस ओळख पटवण्यात वाया जात नाहीत.

आता जमिनीकडे येऊ. पश्चिम भागात डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिलात तर दिसेल की सग्वारो सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. पायथ्यापासून खाली उतरत जाणाऱ्या दगडगोट्यांच्या लांब उतारावर ते दाट आहेत, दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाजूंवर आणखी दाट आहेत आणि दरीच्या अगदी तळाशी, जिथे माती बारीक आणि सपाट आहे, तिथे विरळ होत जातात. याचे मोठे कारण थंडी आहे. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जड होऊन खाली साचते, तर दक्षिण उतारावरचे खडक दिवसभराची ऊब रात्री परत देतात. मोठा सग्वारो काही तासांची गोठण सहन करतो, पण तापमान दिवसभर गोठणबिंदूच्या खालीच राहिले तर त्याच्या पेशी फुटतात. काही सग्वारोंचे हात, म्हणजे खोडाच्या बाजूंना फुटलेल्या फांद्या, खाली लोंबलेले, पिळवटलेले आणि पुन्हा टोकाशी वर वळलेले दिसतील. लोक त्यांच्याजवळ हौसेने छायाचित्रे काढतात, पण तो बाक म्हणजे बहुधा एखाद्या कडाक्याच्या थंडीची खूण असते. गोठलेल्या हाताचे खांद्याजवळचे ऊतक कमकुवत होऊन हात खाली आला आणि जगलेले टोक पुन्हा प्रकाशाकडे वाढू लागले, असा त्याचा अर्थ आहे.

शेजार पाहणे म्हणजे मुख्यतः दाई-झाड, म्हणजे ज्याच्या आडोशाला रोप वाढते ते झाड, शोधणे. सग्वारोच्या बिया मोकळ्या जमिनीवर कोट्यवधी पडतात, पण मोकळ्यावर उगवलेले रोप बहुधा जगत नाही. उन्हाने करपते, थंडीने गोठते किंवा उंदीर-सशांच्या तोंडी जाते. पालो वर्दे, आयर्नवुड किंवा मेस्कीट या झाडांखाली मात्र सावली, उबदार आडोसा आणि शत्रूंपासून लपण मिळते. मेस्कीट हे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या अगदी जवळच्या नात्यातले झाड आहे, त्यामुळे त्याचा पाला आणि शेंगा पाहून ओळखीचे वाटेल. पायवाटेवरून न उतरता एखाद्या पालो वर्देच्या बुंध्याशी वाकून पाहा. वाळलेल्या काटक्यांमध्ये, दगडाच्या कडेला, अंगठ्याएवढा हिरवट गोल ठिपका दिसला तर तो सग्वारो असू शकतो. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम 3-4 सेंटिमीटर वाढतो, हे लक्षात घेतले की त्या ठिपक्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. आता मान वर करून आसपासचे मोठे सग्वारो पाहा. पुष्कळांच्या बुडाशी वाळलेल्या पालो वर्देचे खोड पडलेले आढळेल. ज्याच्या सावलीत सग्वारो वाढला, तेच झाड पुढे त्याच्या पसरट मुळांशी पाण्याच्या स्पर्धेत मागे पडते असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे, आणि माझ्या पाहण्याशी ते जुळते.

वयाचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सग्वारोला लाकडी झाडासारखी वर्षवलये मोजता येत नाहीत, त्यामुळे उंचीवरून अंदाज करावा लागतो आणि तो अंदाज जागेनुसार बदलतो. या उद्यानात साधारण 35 व्या वर्षी पहिली फुले येतात, 50 ते 70 वर्षांच्या दरम्यान पहिला हात फुटतो आणि कोरड्या भागांत त्याला 100 वर्षेही लागू शकतात. आयुष्य 150 ते 175 वर्षे, क्वचित त्याहून अधिक. म्हणजे तुमच्या डोक्याएवढा, एकही हात नसलेला, साधा खांब दिसणारा सग्वारो तुमच्याच पिढीतला असण्याची शक्यता आहे. एखाद्या टेकडीवर सगळे सग्वारो उंच आणि म्हातारे असतील, लहान एकही नसेल, तर तिथे अनेक दशके रोपे जगलेली नाहीत असे समजावे. उलट एकाच उंचीची पुष्कळ झाडे एकत्र दिसली तर काही चांगल्या पावसाळ्यांची ती देणगी असते. कॅक्टसच्या जंगलातली ही उंचीची रचना वाचणे मला फुलांपेक्षाही महत्त्वाचे वाटते आणि त्यासाठी वर्षातला कोणताही महिना चालतो.

झाडाच्या अंगावरही बरेच काही लिहिलेले असते. सग्वारोच्या खोडावरचे उभे कंगोरे पेटीच्या भात्यासारखे असतात. पाऊस पडला की ते फुगून एकमेकांपासून दूर होतात आणि कोरड्या दिवसांत आत ओढले जातात. त्यामुळे साल न फाटता खोडाचा घेर वाढू-घटू शकतो. मुळांचे मोठे जाळे जमिनीखाली अवघे 10-15 सेंटिमीटर खोल असते, पण झाडाच्या उंचीएवढे चहूकडे पसरलेले असते. म्हणूनच पायवाट सोडून बुंध्याशी जाऊ नये असे आम्ही वारंवार सांगतो. तिथे पाय ठेवला की माती घट्ट होते आणि हलकी सर मुळांपर्यंत पोहोचतच नाही.

खोडावरची गोल भोके पाहण्यासाठी दुर्बीण हवी. गिला सुतार आणि गिल्डेड फ्लिकर हे दोन सुतार पक्षी ती पोखरतात. गिला सुतार बहुधा खोडाच्या मधल्या भागात भोक पाडतो. फ्लिकर आकाराने मोठा असून टोकाजवळ खोदतो, आणि तिथे आतल्या लाकडी पट्ट्या तुटल्यास झाडाला अधिक इजा होते. खोदलेली पोकळी पक्षी लगेच वापरत नाहीत. झाड त्या जखमेभोवती कठीण, खपलीसारखे अस्तर तयार करते, ते वाळायला काही महिने लागतात आणि मग तिथे घरटे होते. सग्वारो मेला, कुजला, त्याचे मांस नाहीसे झाले तरी हे अस्तर टिकून राहते. जमिनीवर पडलेल्या सांगाड्यात लाकडी पट्ट्यांच्या जुडीमध्ये बुटाच्या आकाराचे, तपकिरी, टणक भांडे दिसले तर ते हेच. त्याला हात लावू नये, पण वाकून तोंडाशी पाहावे. आतली बाजू गुळगुळीत असते आणि बाहेरच्या बाजूवर कंगोऱ्यांचे ठसे उमटलेले असतात. सुतारांनी सोडलेल्या भोकांत चिमणीएवढे एल्फ घुबड राहते. ते वसंतात दक्षिणेकडून येते. एप्रिल-मेमध्ये सूर्य मावळताना भोकाच्या तोंडाशी त्याचा चेहरा दिसू शकतो.

केव्हा यावे, याचे उत्तर काय पाहायचे त्यावर अवलंबून आहे. सोनोरन वाळवंटाला वर्षातून दोनदा पाऊस मिळतो. हिवाळ्यात हळू, दीर्घ सरी येतात आणि जूनच्या मध्यानंतर केव्हातरी विजांच्या कडकडाटासह मोसमी पाऊस सुरू होतो. त्याला इथेही मॉन्सूनच म्हणतात. दोन पावसाळ्यांमुळे फुलांचेही दोन हंगाम आहेत. एप्रिलमध्ये हेजहॉग जातीचे, म्हणजे एकिनोसेरेयस वंशातले, झुपके जांभळ्या-किरमिजी फुलांनी भरतात आणि पालो वर्दे पिवळा होतो. त्यापाठोपाठ फड्या निवडुंगाच्या इथल्या जाती फुलतात. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत सग्वारो फुलतो आणि मेमध्ये त्याचा भर असतो. जूनमध्ये फळे पिकतात. जुलै ते सप्टेंबर हा पिंपासारख्या जाड बॅरल कॅक्टसचा आणि छोट्या मॅमिलॅरियाचा काळ. तुम्ही वसंतात येत आहात, तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य हा काळ धरा. दुसरी संधी मिळाली तर ऑगस्टमध्ये या. त्या वेळी इथे वाळवंट इतके हिरवे असते की पाहुण्यांचा विश्वास बसत नाही.

सग्वारोचे फूल चोवीस तासही टिकत नाही. सूर्यास्तानंतर ते उमलते, रात्रभर उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटते. रात्री मेक्सिकोतून पिल्लांसाठी उत्तरेकडे आलेली लांब नाकाची वटवाघळे त्यातला मकरंद पितात. ही जात अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत होती आणि संवर्धनामुळे 2018 मध्ये तिथून वगळली गेली. सकाळी पांढऱ्या पंखांचे होले आणि मधमाश्या येतात. सग्वारोला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही, म्हणून हे येणे-जाणे झाडाच्या दृष्टीने जीवनावश्यक आहे. उंच झाडाची फुले खालून दिसत नाहीत, ही मोठी अडचण. त्यासाठी खाली वाकलेला हात असलेले झाड शोधावे. थंडीने वाकलेल्या हातांवर फुले डोळ्यांच्या पातळीला येतात. उद्यानात गाड्यांना सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो, पण टूसॉनमधल्या घरांच्या अंगणांत आणि रस्त्यांच्या कडेला असंख्य सग्वारो आहेत. तुमच्या मुक्कामाजवळचे एखादे झाड निवडून रात्री नऊला, पहाटे आणि दुपारी अशा तीन वेळी त्याच फुलाकडे पाहा. पाकळ्यांचा मेणचट पांढरा रंग, शेकडो पुंकेसरांची दाट चकती आणि पहाटे फुलात डोके खुपसून बसलेला, तोंड पिवळे झालेला होला, हे सगळे एकाच फुलावर पाहायला मिळेल.

फळ पिकले की फाटते आणि आतला लालभडक गर दिसतो. दुरून पुष्कळांना ते दुसरेच फूल वाटते. एका फळात सुमारे 2,000 काळ्या बिया असतात. हे फळ इथल्या तोहोनो ओ'ओधम या आदिवासी लोकांसाठी पवित्र अन्न आहे. सग्वारोच्याच वाळलेल्या लाकडी पट्ट्या जोडून केलेल्या लांब काठीने ते फळे पाडतात, गर आटवून पाक करतात आणि त्यापासून केलेल्या मद्याने पावसाला बोलावण्याचा विधी करतात. त्यांचे नवे वर्ष याच हंगामात सुरू होते. सग्वारोला ते माणूसच मानतात. कापणी चालू असताना कोणी भेटले तर दूर थांबावे आणि परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये.

चोया, म्हणजे नळीसारख्या पेरांचे सिलिंड्रोपुंटिया, याविषयी जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण दुखापत बहुधा त्याच्यामुळेच होते. टेडी बेअर चोया दुरून मऊ, सोनेरी, केसाळ दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तर फारच सुंदर दिसतो. त्याच्या काट्यांना उलट्या दिशेचे सूक्ष्म दाते असतात आणि पेरे इतकी सैल जोडलेली असतात की नुसत्या स्पर्शाने निघून कातडीत रुततात. पेर उडून अंगावर येते ही समजूत मात्र खरी नाही. रुतलेले पेर हाताने ओढू नये. जाड दातांचा कंगवा पेराखाली सरकवून झटक्याने दूर उडवावे आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. पेरे अशी चिकटून दुसरीकडे जाणे हाच चोयाचा प्रसाराचा मार्ग आहे. साखळीफळांचा चोया तर बऱ्याच अंशी अशा गळलेल्या पेरांतूनच वाढतो. त्याची फळे वर्षानुवर्षे झाडावर राहतात, त्यांतूनच नवी फुले येतात आणि फळांच्या साखळ्या लोंबतात. झाडाखालची जमीन पाहा. पेरांचा मोठा ढीग एखाद्या झुडपाशी रचलेला दिसला तर तो पॅकरॅट नावाच्या उंदराचा किल्ला आहे. तो ही पेरे वाहून आणतो आणि कोल्ह्यांपासून आपले बीळ राखतो. चोयाच्या फांद्यांत गवताची आडवी, एका बाजूने तोंड असलेली घरटी असतात. ती कॅक्टस रेन या पक्ष्याची. एवढ्या काट्यांत तो इतक्या सहजतेने कसा वावरतो, हे कितीदाही पाहिले तरी माझे समाधान होत नाही.

बॅरल कॅक्टस बहुधा दक्षिणेकडे किंवा नैऋत्येकडे झुकलेले दिसतात. सावलीच्या बाजूची वाढ अधिक होते आणि उन्हाची बाजू मागे राहते, त्यामुळे हा कल येतो. माथ्यावर वर्षभर टिकणारी पिवळी फळे असतात. त्यांच्याभोवती मुंग्या फिरताना दिसतील. एरिओलजवळच्या ग्रंथींतून गोड रस स्रवतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात झाड खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. भिंगातून ते रसाचे थेंब स्पष्ट दिसतात. बॅरल कापून त्यातले पाणी पिता येते, ही कथा विसरून जा. तो रस पिऊन माणूस आजारी पडतो.

फड्या निवडुंगाच्या जाती पाहताना तुम्हाला घरची आठवण येईल. फडांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. त्यांतला एक काडीने चिरडला तर रक्तासारखा किरमिजी रंग उमटतो. हा कोचिनील कीटक. याच रंगाच्या लोभाने फड्या निवडुंग भारतात आणला गेला. 1795 मध्ये रंगाचा उत्तम कीटक समजून भलतीच जाती भारतात आणली गेली. तिने रंग फारसा दिला नाही, पण एका जातीचा निवडुंग फस्त केला. पुढे 1926 मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या जातीने दक्षिण भारतातला उरलेला निवडुंग आटोक्यात आणला. इथे, मूळ जागी, कीटक आणि झाड दोघेही हजारो वर्षे एकत्र आहेत आणि कोणी कोणाला संपवत नाही. फूल उघडे असेल तर बारीक काडीने पुंकेसरांना हळूच स्पर्श करा. ते आत वळतात. मधमाशी आत शिरली की नेमके हेच घडते आणि तिच्या अंगाला पराग माखतात. फडांना मात्र बोट लावू नका. मोठ्या काट्यांपेक्षा एरिओलमधली केसासारखी बारीक कुसे फार त्रास देतात.

वेळ असेल तर टूसॉनहून पश्चिमेला, मेक्सिकोच्या सीमेलगत, ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात जा. जाण्यालाच अडीच तास लागतात, त्यामुळे मुक्कामाची सोय पाहून निघावे. ज्याच्या नावाने हे स्मारक आहे तो कॅक्टस बुंध्यापासूनच अनेक उभ्या फांद्यांनी वाढतो आणि अमेरिकेत जवळपास याच पट्ट्यात आढळतो. तिथे सेनिटा हा कॅक्टसही आहे. त्याचे परागण मुख्यतः एक छोटा पतंग करतो. मादी फुलात पराग मुद्दाम नेऊन ठेवते आणि तिथेच अंडे घालते. अळी काही फळे खाते, उरलेली झाडाला मिळतात.

या वाळवंटाचे काय होते आहे, हेही पाहताना मनात असावे. कॅक्टस दिवसा रंध्रे मिटून ठेवतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो. रात्र थंड असेल तरच हा व्यवहार परवडतो. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंश सेल्सिअसच्या वर गेला, रात्रीही तापलेल्याच राहिल्या, आणि शहरातले सग्वारो कोसळू लागले. 2020 चा पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला होता. त्यानंतरच्या वसंतात सग्वारोंना टोकाऐवजी खोडाच्या बाजूंवर फुले आलेली इथे ठिकठिकाणी दिसली. याहून मोठा धोका गवताचा आहे. आपल्याकडे कोरडवाहू भागात उत्तम चारा म्हणून लावले जाणारे अंजन गवत इथे बफेलग्रास या नावाने कुप्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते चाऱ्यासाठी आणि धूप रोखण्यासाठीच आणले गेले. सोनोरन वाळवंटात झाडांमध्ये मोकळी जमीन असते, त्यामुळे आग पसरत नसे आणि कॅक्टसला आग सोसण्याची सवयच नाही. हे गवत ती मोकळी जमीन भरून टाकते, वाळते आणि पेटते. उतारावर पिवळट गवताचे सलग पट्टे दिसले की मला फार वाईट वाटते. उद्यानाचे स्वयंसेवक ते मुळासकट उपटतात. तुमच्या मुक्कामात असा कार्यक्रम असेल तर एक सकाळ जरूर द्या.

नोंदी कशा ठेवाव्यात, तर साध्या. झाडाची अंदाजे उंची, हातांची संख्या, उताराची दिशा, दाई-झाड जिवंत आहे की मेलेले, भोके, फुले आणि तारीख एवढे पुरे. टूसॉनच्या टुमामॉक टेकडीवर 1903 मध्ये वाळवंट प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तिथल्या जमिनीच्या काही तुकड्यांवरच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चालत आल्या आहेत. सग्वारो इतक्या हळू का वाढतो हे आपल्याला अशाच कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींमुळे कळले. छायाचित्र एकाच जागेवरून, क्षितिजावरची खूण चौकटीत घेऊन काढा, म्हणजे पुढच्या भेटीत तिथेच उभे राहून तुलना करता येईल. दुर्मीळ, लहान कॅक्टसची नेमकी जागा मात्र कोठेही जाहीर करू नका. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात कॅक्टसच्या 31 टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले आणि संग्राहकांसाठी होणारी चोरी हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. या उद्यानातल्या काही सग्वारोंच्या अंगात चोरी ओळखण्यासाठी चिप बसवाव्या लागल्या आहेत. रोप, पेर, बी, सांगाड्याचा तुकडा, काहीही उचलू नका. तो इथे गुन्हा आहे आणि जवळजवळ सर्व कॅक्टस आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली संरक्षित असल्यामुळे परवान्याशिवाय ते भारतात नेताही येत नाहीत.

गच्चीवरच्या झाडांना काय उपयोग, हे विचारलेत. माझ्या मते सर्वांत मोठा धडा रोपांचा आहे. कॅक्टस म्हणजे कडक ऊन, या समजुतीने लहान रोपे पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात ठेवली जातात आणि करपतात. निसर्गात ती पहिली कित्येक वर्षे सावलीत असतात, म्हणून त्यांना जाळीखाली ठेवा. मुळे उथळ आणि पसरट असलेल्या जातींना खोल कुंडीपेक्षा रुंद कुंडी मानवते. पाण्याची पद्धत भरपूर आणि मग पूर्ण कोरडे अशी असावी, रोज थोडे थोडे नको. इथला पाऊस धो धो येतो आणि तासाभरात जमीन पुन्हा वाळू लागते, तर आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस रिपरिप चालते. त्यामुळे पावसाळ्यात छप्पर हवेच.

फिरण्याची वेळ सूर्योदयापासून सकाळी नऊपर्यंत आणि नंतर सूर्यास्ताच्या आधीचे दोन तास. दिवसभर बाहेर राहणार असाल तर प्रत्येकी चार लिटर पाणी गाडीत नव्हे, पाठीवर असू द्या. जाड तळव्याचे बंद बूट, रुंद काठाची टोपी, कंगवा, चिमटा, भिंग आणि दुर्बीण बरोबर असावी. दगडाखाली किंवा झुडपात न पाहता हात घालू नये, कारण रॅटलस्नेक तिथेच विसावतात. ऑगस्टमध्ये आलात आणि डोंगरावर ढग दिसले तर कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरू नका. पाऊस दूर पडतो आणि पाण्याचा लोंढा उन्हात येतो. वेळ फारच थोडा असेल, तर पश्चिम भागातली व्हॅली व्ह्यू ओव्हरलुक ही छोटी पायवाट निवडा. चढ बेताचा आहे, साठीपुढच्या माणसालाही जमतो, आणि कोरड्या ओढ्यापासून कड्यापर्यंत जाताना दाई-झाडे, चोया, बॅरल आणि खाली दरीपर्यंत पसरलेले सग्वारोंचे जंगल क्रमाने पाहायला मिळते. पूर्व भागात कॅक्टस फॉरेस्ट लूप हा डांबरी रस्ता आहे. त्यावर गाडी थांबवण्याच्या जागी प्रत्येक वेळी उतरून पाच मिनिटे तरी एकाच झाडाजवळ थांबा.